तुझ्या बाजूची कौलं

शनिवार, ३० मे
सकाळी, घावणे झाल्यावर

प्रति,
श्री. स्वरूप सदाशिव दुर्गवले,
घर क्रमांक ११२/ब.

अर्जदार: कु. शमिका सदाशिव दुर्गवले, घर क्रमांक ११२/अ (म्हणजे भिंतीच्या ह्या बाजूला).

विषय: आपल्या वाट्याच्या कौलांना हात लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

दादा, हसू नको. तूच म्हणाला होतास ना, यापुढे काय असेल ते लेखी द्या. म्हणून लेखी. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, आईचा केलायस, बाबांकडे तर फोनच नाही. दर्शनावहिनीला लावला तर ती म्हणते, "मला ह्यात घेऊ नका गो," मागे कुकरची शिट्टी होते आणि फोन कट. नालासोपाऱ्यात तुम्ही खोली बदललीत म्हणे, पण कुठे ते मला कोणी सांगत नाही. माझ्याकडे तुझा एकच पत्ता आहे, ११२/ब. तर तिथेच देतेय. पडवीतून तुझ्या दाराखाली सरकवणार. पुढच्या दाराला आतून कडी, मागच्या दाराला कुलूप आणि तू साडेआठ महिने आलेला नाहीस, हे सगळं मला माहीत आहे. पण अर्ज दिला म्हणजे दिला. ई-सेवा केंद्रात दोन वर्षं काढलीत मी.

मुद्दा. मंगळवारी दुपारी वादळ येणार म्हणतात. हर्णेच्या बोटी कालच सगळ्या वर ओढल्या. बाबांनी आपली बाजू शाकारून घेतली. रिपा बदलल्या, कौलं उतरवून परत लावली, वासे आढ्याला काथ्याने बांधले. आणि भिंत आली तिथे थांबले. अगदी तिथेच. खळ्यातून बघितलं तर छप्पर अर्धं लाल आणि अर्धं काळं, अर्धी दाढी करून कोणी उठून गेल्यासारखं. तुझ्या बाजूला वांदरांनी पाच कौलं फोडलीत. (काशीमावशी तिच्या परसातून बघून सात म्हणते, पण ती सगळ्यात दोन मिळवते.)

भिंतीने घरं दोन केली रे, पण आढं एकच आहे. तुझ्या बाजूने वारा आत शिरला की तो आमच्या काथ्याला विचारणार आहे का? हे तुला सांगायला नको. निसर्ग वादळात तूच होतास इथे.

मी बाबांना म्हटलं, "तिकडची पाच कौलं घालून टाका ना."

"त्याच्या वाट्याला हात लावायचा नाय. कागदावर हाय."

"वारा काय कागद वाचून येतो?"

"सही केलीय मी," म्हणाले, आणि पेज ओरपायला लागले.

तर परवानगी दे. 'हो' एवढंच लिही. कुठे लिहिणार आणि मला कसं कळणार, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आईने आज पण एक घावण जास्त घातलं. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणते, मांजराला. आपलं मांजर घावण खात नाही, दादा. नारळाच्या रसातलं सुद्धा नाही.

आपली विश्वासू,
शमी

रविवार, ३१ मे
सोलं आत घेतल्यावर

दादा, तू येऊन गेलास का?

सरळ विचारतेय. सरळ सांग.

झालं असं की कोकमाची सोलं अजून पुरती वाळली नव्हती, पण आभाळ भरलं म्हणून सगळी आत घेतली आणि मी कांद्याच्या माळा टांगायला माळ्यावर चढले. भिंत माळ्याच्या उंचीला संपते, तुला माहीतच आहे, लहानपणी आपण तिथून एकमेकांवर फणसाच्या आठळ्या मारायचो. तुझ्या बाजूच्या माळ्याच्या फळ्या तू काढून नेल्यास, त्यामुळे तिकडे उतरता येत नाही. बघता येतं. मी फोनचा टॉर्च मारला. आता काय दिसेल? धूळ. उंदरांच्या लेंड्या. आणि दाराशी माझा अर्ज.

अर्ज नव्हता.

आणि जमीन सारवलेली होती. ओली नाही, पण चार दिवसांपूर्वीची असेल, हाताचे अर्धगोल स्पष्ट. वरच्या भोकांतून उजेडाचे कवडसे पडलेले त्यावर. इतकं नीट दिसत होतं सगळं की मला भीतीच वाटली.

मी तिथेच कांदे मांडीवर घेऊन बसले आणि विचार केला. एक, तू आलास, सारवलंस, अर्ज घेऊन गेलास. पण तुला सारवता येत नाही, तू शेण बघून नाक धरतोस. दोन, वहिनी आली. ती बिल्डिंगमध्ये वाढली, तिलाही येत नाही. तीन, वाऱ्याने अर्ज उडाला. बरं, मग वाऱ्याने सारवलं पण? चार, मला वेड लागलंय. चार नंबर सध्या पुढे आहे.

खाली आले तर आई परसातल्या चुलीपाशी सुकटीचा डबा कपड्याने बांधत होती. सुक्या मासळीचा तोच मोठा पत्र्याचा डबा, जो बाबांनी माळ घातल्यापासून चौदा वर्षं घराबाहेर राहतो. बाबा परसातून जाताना त्या फळीकडे मान वळवून सुद्धा बघत नाहीत. आणि आजकाल आई मला पण हात लावू देत नाही त्याला, म्हणते, तुझे हात सदा ओले, बुरशी धरेल.

मी आडून विचारलं, "आई, बंद घराची जमीन किती दिवस टिकते?"

"कुणाची जमीन?"

"अशीच. कुणाची पण."

"सारवली नाय तर उखळते. तुला काय करायचंय? ती लाकडं कोण आत घेणार, तुझा नवरा?"

"नवरा कुठाय?"

"तेच म्हणतेय मी."

झालं. मग तासभर लाकडं आत घेतली, शेणी आत घेतल्या, गोठ्याच्या दाराला दगड लावले. दुपारी फणसाची भाजी आणि भात. भात परत जास्त झाला. ह्या घरात कुणालाच माप कळेनासं झालंय, की मलाच?

तू आला असशील तर हे पत्र पण घेऊन जा. आणि कौलांचं सांग. फक्त कौलांचं. बाकी नको सांगूस.

शमी

सोमवार, १ जून
दुपारी, दुसऱ्यांदा भाकऱ्या चालू आहेत

लाईट सकाळीच गेली. टॉवर पण गेला. आता तू ब्लॉक काढलास तरी उपयोग नाही.

ग्रामपंचायतीतून माणूस येऊन गेला. कौलारू घरांनी उद्या सकाळी शाळेत जायचं, असं त्याने भोंग्यातून सांगितलं आणि मग भोंगा खाली ठेवून बाबांना वेगळं सांगितलं, कारण बाबांनी आधीचं ऐकलंच नाही.

"सदूकाका, तुमच्या त्या बाजूने छप्पर उचलणार हो."

"ती माझी बाजू नाय."

"अहो, पण डोकं तुमचं ना?"

"आढं सोडून कुठे जाऊ?" बाबा म्हणाले. आणि बाबा नाही तर आई नाही, आणि आई नाही तर मी कशी जाणार? म्हणजे पाच कौलांखाली, किंवा सात, आम्ही तिघं उद्या दुपारी बसणार आहोत. हे तुला कळावं म्हणून परत लिहिते: ती कौलं बसली नाहीत तर हे आढं जाईल. आणि बाबा आढ्याखालून हलणार नाहीत.

आई सकाळपासून खाणंच करतेय. कुळथाची पिठी, दोन दिवस पुरतील अशा भाकऱ्या, आंबोशीचं लोणचं वेगळ्या बरणीत, पिण्याच्या पाण्याच्या कळश्या माजघरात. मी भाकऱ्या मोजल्या नाहीत. मुद्दाम मोजल्या नाहीत.

मघाशी मागच्या बाजूला गेले होते, उरलेल्या लाकडांसाठी. तुझ्या मागच्या दाराशी मांजर दोन पायांवर उभं, लाकडाच्या थप्पीवर, आणि तुझं कुलूप चाटत होतं. मन लावून. मी हुसकलं तर दोन पावलं गेलं आणि परत येऊन चाटायला लागलं. का चाटतं? मी काही विचारणार नाही आता कुणाला. इथे प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे आणि मला तेवढं माहीत नाही.

खरं सांगू? मलाही एक माहीत आहे जे कुणाला माहीत नाही. तेच लिहायला बसलेय. पहिल्या पत्रात लिहिणार होते, मग 'महोदय' लिहून निभावलं.

वाटणीचा कागद मी टाइप केला, तुला आठवतं ना. तू पंख्याच्या ह्या बाजूला खुर्चीवर, बाबा त्या बाजूला. तू म्हणालास, "भिंत मधे, पडवी सामाईक, बस." बाबा म्हणाले, "बस." एवढंच. तुम्ही दोघांनी मिळून पाच-सहा शब्द सांगितले मला. मी कॉम्प्युटरवर एक तयार नमुना उघडला, दुसऱ्या कुठल्या तरी गावाचा, कुणा तरी भावाभावांचा. नावं बदलली. घर नंबर बदलला. खाली कलम सहा होतं: दोन्ही पक्ष एकमेकांच्या वाट्यातील भिंत, दार व छप्पर यांस कोणत्याही कारणाने हात लावणार नाहीत.

ते काढायचं राहिलं. बाहेर दाखल्यांची रांग, लाईट नुकती आलेली, परत जाईल म्हणून मी घाईत प्रिंट दिली.

बाबांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. सहावर बोट थांबलं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. मग तू वाचलंस आणि त्यांच्याकडे बघितलंस. त्यांना वाटलं हे तू घालायला लावलंस. तुला वाटलं त्यांनी. मी समोर बसून ते बघितलं, दादा. दोघांचे चेहरे बघितले. आणि म्हटलं, "इथे सही."

त्यावर तू म्हणालास, "ठीक आहे. लेखी तर लेखी. यापुढे काय असेल ते लेखीच द्या." आणि एसटी पकडलीस.

तेव्हा का नाही बोलले? रांग होती. नंतर का नाही बोलले? नंतर तुम्ही इतके चिडलात की मला वाटलं, आता कलम काढून काय होणार. मग दसरा गेला, दिवाळी गेली, आणि गोष्ट इतकी जुनी झाली की सांगायची म्हणजे 'इतके दिवस का नाही सांगितलं' पासून सुरुवात करावी लागली असती.

पत्रा का कौल, एवढंच होतं रे मूळ भांडण. त्यात पण मला कळत नाही बरोबर कोण. निसर्गच्या दिवशी तुम्ही दोघं आढ्याला बांधलेल्या दोरीला दोन तास लटकला होतात. बाबा ओरडत होते, "सोडू नको!" आणि तू ओरडत होतास, "तुम्ही सोडू नका!" तू पत्रा म्हणतोस कारण तुझ्या हाताची सालं गेली होती. बाबा कौल म्हणतात कारण त्याच दिवशी काशीमावशीचा पत्रा उडत आला आणि आपल्या फणसाची फांदी सुरीसारखी कापून गेला. तुम्ही दोघं एकाच दिवसाबद्दल भांडताय.

आता हे बाबांना सांगायला पाहिजे. आज सांगायला पाहिजे. तुला सांगितलं कारण तू समोर नाहीस, दाराखाली आहेस.

आई हाक मारतेय. पीठ संपलं.

शमी

मंगळवार, २ जून
सकाळी, पेज निवतेय

काल सांगितलं नाही.

वारा सुरू झालाय. अजून तसा नाही, पण माड एकाच बाजूला बघतायत. गाय दावं ओढतेय. बाबांनी पेज घेतली नाही, वाटी समोर आहे, वर बघतायत. तुझ्या बाजूच्या कौलांचा आवाज येतोय, दात वाजल्यासारखा.

जाते. सांगून आले की पुढचं लिहि

गुरुवार, ४ जून
दुपारी, जेवणं झाल्यावर

दादा, परवाचं पत्र तिथेच सोडलं होतं, ते तसंच ठेवते. आता नीट लिहिते. नीट म्हणजे मला जेवढं कळलं तेवढं.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. कलम सहा, नमुना, रांग, सगळं. बसले असते तर बोलता आलं नसतं. बाबांनी मान खाली घेतली नाही, आढ्याकडेच बघत विचारलं, "म्हणजे त्याने नाय सांगितलं?"

"नाही."

"मी पण नाय सांगितलं."

"माहीत आहे."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही बाबा. कॉम्प्युटरमध्ये होतं."

 मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या घराचं?"

"हो."

"त्यांच्या छपराचं काय झालं?"

मला काय माहीत! मी इतकी तयारी केली होती, रागाची, थोबाडीत बसेल ह्याची, आणि त्यांनी हे विचारलं. मला रडू पण येईना.

मग त्यांनी निवलेली पेज एका दमात प्यायली. उठले. गळ्यातली माळ काढली आणि देवाच्या खुंटीला अडकवली. मला वाटलं, वादळात तुटू नये म्हणून. ते परसात गेले, चुलीजवळच्या फळीवरून सुकटीचा डबा उतरवला, कपडा सोडला आणि त्यात कोपरापर्यंत हात घातला.

आई भाकरी थापत होती, ती तशीच धावली, हाताला पीठ. "अहो, सुकट आहे त्यात!"

"माहीत हाय काय काय हाय त्यात."

आणि हात बाहेर आला त्यात तुझी किल्ली. मग परत हात घातला, तर माझी दोन पत्रं. मग एक चिठ्ठी, तुझा नालासोपाऱ्याचा नवीन पत्ता, वहिनीच्या अक्षरात.

आईने तेव्हाच सांगितलं: तू जाताना एसटीच्या थांब्यावर तिच्या हातात किल्ली दिलीस. "जमीन उखळेल, सारवत जा, बाबांना सांगू नकोस." हे तूच म्हणालास ना? म्हणजे कलम सहा तू त्याच दिवशी मोडलंस, आणि मी साडेआठ महिने ते जपत बसले. मी केंद्रात गेले आणि बाबा गाय घेऊन गेले की आई मागच्या दाराने जाऊन सारवायची, आणि किल्ली परत डब्यात. माळकरी माणूस ज्यात हात घालणार नाही अशी घरात ती एकच जागा.

"माझी पत्रं का घेतलीस?" मी विचारलं.

"मला वाटलं ग्रामपंचायतीची नोटीस."

"मग मला दाखवायचीस ना. मी काय करते केंद्रात?"

"दाखवली असती तर विचारलं असतंस, सापडली कुठे."

आणि बाबांना तिने विचारलं, अगदी हळू, "तुम्हाला कधीपासून..."

"दिवाळीपासून. मांजर कुलूप चाटतंय. लोखंड चाटणारं मांजर बघितलंयस कधी?"

"मग बोलला नाहीत ते?"

"तू बोललीस?"

मला अजून कळत नाही, कोण कुणापासून काय लपवत होतं. तिघांनी मिळून एकच गोष्ट लपवली आणि प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच लपवतोय. चौघांनी. तू पण आहेसच.

पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मागचं दार उघडलं. बाबांनी गोठ्याची कौलं काढून आणली आणि आतून शिडी लावली. मी खालून देत होते, ते वर सरकवत होते. पाच नव्हती. सातच होती. काशीमावशीला हे सांगणार नाही. मग तुझ्या बाजूचे वासे आढ्याला बांधले. आई काथ्याचे पीळ सोडवून देत होती आणि मधेच म्हणत होती, "पाय ठेवताना बघा, नुकतंच सारवलंय." बाबांनी खाली बघितलं आणि खरंच शिडी एका कडेला सरकवली.

एकच्या सुमारास तो वारा आला. त्याचं वर्णन करत नाही. तुला माहीत आहे. ह्या वेळी तुझी दोरी माझ्याकडे होती आणि बाबांची बाबांकडे. बाबा ओरडले, "सोडू नको!" मला उत्तर माहीत होतं तरी ओरडता आलं नाही, दात आवळले होते. आईनेच ओरडून दिलं, "तुम्ही सोडू नका!" मागून माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती ती, मला धरून का स्वतःला, कळलं नाही.

आढं राहिलं, दादा. कौलं गेली, पण थोडी. खळ्यात तुकडे पडलेत त्यातले अ कुठले आणि ब कुठले ते सांगता येत नाही. गोठा अर्धा उघडा झालाय, गाय पडवीत बांधलीय, तुझ्या दारासमोर. फणस उभा आहे. शाळेचे पत्रे गेले म्हणे. बाबा हे ऐकून काही बोलले नाहीत, पण 'काही न बोलणं' ज्या पद्धतीने केलं ते तू बघायला हवं होतंस.

वारा पडल्यावर आम्ही तुझ्याच बाजूला जेवायला बसलो, कारण आमच्या लादीवर पाणी होतं आणि तुझी जमीन कोरडी होती. भाकरी, पिठी, लोणचं. बाबा म्हणाले, "हाताला वास हाय, आंघोळ करून येतो." भर पावसात पागोळीखाली उभे राहून त्यांनी आंघोळ केली, चार वेळा हात राखेने घासले, आणि मग पानावर बसले. माळ अजून खुंटीलाच आहे. आधी माळ दिलेल्या मंडणगडच्या महाराजांना विचारणार, असा हात घातल्यावर परत घालता येते का. नाही म्हणाले तर? मी विचारलं. "नाय तर नाय," म्हणाले, पण मग पाणी पीत राहिले.

आईने चौथं पान घेतलं होतं. सवयीने. त्यावर भाकरी वाढलेली तशीच होती. शेवटी ती बाबांनी खाल्ली.

उद्या रस्ता मोकळा झाला की नालासोपाऱ्याला जाणाऱ्या गाडीने आई पार्सल देतेय. त्यात सोलं आहेत, लोणचं आहे, सुकट आहे आणि ही सगळी पत्रं आहेत. पहिल्या दोन पत्रांना वास येईल. सोमवारचं तुझ्या दाराखालून मीच उचलून आणलं, आतल्या बाजूने.

बाबा आत्ता पडवीत फडक्याने कौलं पुसतायत, चांगली एकीकडे आणि फुटकी एकीकडे. मला विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"दादाला."

"लिही, पत्रा का कौल ते येऊन बोल म्हणावं."

मी लिहायला लागले. एक कौल पुसून झालं. दुसरं पुसून झालं. मग मान न उचलता म्हणाले, "आणि लेखी नको, ते पण लिही."

लिहिलं.

शमी